मागच्या दाराचा स्विच

५ जानेवारी १९९२, रविवार

आज घंटा अकरा वेळा वाजली. चोर एकही नाही!

दूधवाला एकदा. मंजुळा चारदा — बायको आपल्याच घरात शिरताना दचकते. उरलेल्या सहा वेळा शेजारची हौसाबाई. तिला कितीदा सांगितलं, आधी बाहेरून हाक मारा, मी बटन बंद करतो, मग या. तर म्हणाली, चाळीस वर्षं मी या घरात हाक न मारता येतेय. मी म्हटलं, ते घर पाडलं, हे नवीन आहे. तिने कालवणाची वाटी ओट्यावर ठेवली आणि गेली.

घंटा तशी साधीच. पुढच्या दाराला चुंबक, चौकटीला स्विच. दार उघडलं की वाजते. मीच बसवली. वागळे इस्टेटच्या कंपनीत सोळा वर्षं वायरिंग करतोय, स्वतःच्या घराला एवढंही नको? आख्ख्या कोळीवाड्यात स्लॅबचं दुमजली घर आपलं चौथं. दोन महिने झाले राहायला येऊन. अजून रंगाचा वास जात नाही.

८ जानेवारी

हौसाबाई तीन दिवस फिरकली नाही. घंटा गप्प. मंजुळा म्हणते, घर खायला उठतंय.

१२ जानेवारी, रविवार

गल्लीच्या टोकाला मोरू राहतो, त्याच्याकडे शुक्रवारी चोरी झाली. भरदिवसा! तांब्याचा हंडा आणि टेपरेकॉर्डर. चोर मागच्या दाराने आला. म्हणजे माझी पुढच्या दाराची घंटा म्हणजे डोक्याला टोपी आणि खाली उघडा, असा प्रकार.

ठरवलं. मागचं दार, चारही खिडक्या, सगळीकडे स्विच. घंटेऐवजी गच्चीवर सायरन. लाइट गेली तरी चालावा म्हणून स्कूटरची बॅटरी. कंपनीतला मधु मदतीला येतो म्हणालाय.

जेवताना आईला सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या दाराला काय पायजे ते कर, मागच्याला हात लावू नको.

मागचं दार खाडीकडे उघडतं. आमच्या घरात पूर्वीपासूनची रीत — घरचा माणूस पाण्यावर असेल तोवर मागच्या दाराला कडी घालायची नाही. भरती कधी मिळेल, होडी कधी लागेल, सांगता येत नाही. आल्यावर त्याला दार ठोठवावं लागू नये. वडील, बापू, होते तोवर ठीक होतं. आता घरचं कोण आहे पाण्यावर? मी कार्ड पंच करून कंपनीत जातो.

तर म्हणते, कान्हा हाय.

कान्हा माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. एक पत्र नाही, निरोप नाही. कोणी म्हणतं उरणला ट्रॉलरवर आहे, कोणी म्हणतं भाऊच्या धक्क्यावर दिसला. मी आईला तेच सांगितलं, की तो कुठे आहे हेच कोणाला माहीत नाही.

"ट्रॉलरवर हाय ना? मग पाण्यावरच हाय," आई म्हणाली, आणि ताट घेऊन उठली.

१९ जानेवारी, रविवार

झालं! मधु सकाळी आठला आला, संध्याकाळी सहाला गेला. मधे मंजुळाने दोन वेळा चहा आणि एकदा बोंबील दिले. त्याने एक जास्तीची गोष्ट सुचवली. वरच्या खोलीत, माझ्या पलंगाशी, एक लाल बटन. दारं-खिडक्या सगळं बंद असलं तरी, काही संशय आला की दाबायचं, सायरन चालू. मधु म्हणाला, साहेब लोकांच्या बंगल्यात असतं. मग लावलंच!

टेस्ट घेतली. काय आवाज! समोरच्या नव्या बिल्डिंगच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. हौसाबाई पिठाच्या हातांनी धावत आली, कोणाला काय झालं विचारत. टेस्ट होती म्हटल्यावर तिने कपाळावर हात मारला. आता कपाळाला पीठ. दोन आठवड्यांनी का होईना, आली.

आई मागच्या पायरीवर बसून होती. तोंड खाडीकडे. सायरनला वळूनसुद्धा बघितलं नाही.

२५ जानेवारी

मागच्या दाराला काहीतरी फॉल्ट आहे. रोज झोपण्याआधी कडी घालून सिस्टिम चालू करतो. रोज पहाटे सायरन. खाली येऊन बघावं तर कडी काढलेली, दार बोटभर उघडं. चुंबकाची पकड कमी असेल. दार फुगलं असेल. खाडीची दमट हवा.

२६ जानेवारी

चुंबक बदललं.

२७ जानेवारी

पहाटे पाचला सायरन. बिल्डिंगमधले एक गृहस्थ बनियनवर आले. वॉचमन ठेवा, पण हे बंद करा, म्हणाले.

चुंबक कडी काढत नाही, एवढं मलाही कळतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आईशी बोलून घ्यायचं ठरवलं. मागच्या पायरीवर तिच्याशेजारी जाऊन बसलो. बोलायचं होतं ते राहिलं, ती करंदी, बारीक कोळंबी, सोलत होती, मीही सोलायला लागलो. अर्धी टोपली झाली. मग तीच म्हणाली, की कान्हाला तुझा धाक होता, बापाचाही नव्हता एवढा.

मंजुळाशी या विषयावर मी बोलत नाही. इथे लिहितो.

घराचा नकाशा आला तेव्हा जमिनीवर पसरून आम्ही सगळे बघत होतो. खाली स्वयंपाकघर, आईची खोली, हॉल. वर दोन खोल्या. मी एकेक बोटाने दाखवत होतो — ही आमची, ही मुलांची, मुलं होतील तेव्हा. कान्हा ओणवा होऊन बघत होता. म्हणाला, "दादा, यात माझी खोली कुठली?"

मी म्हटलं, तू आधी लग्न तर कर.

सगळे हसले. तोही हसला. आठवड्याने बापूंची होडी विकली तेव्हा तो हसला नाही. होडी मी त्याला न विचारता विकली. खाडीत आता मिळतं काय, केमिकलचं पाणी आणि प्लॅस्टिक! पण चालवत तो होता. दुसऱ्या दिवशी जाळ्याचं पोतं पाठीवर टाकून गेला. आणि घराच्या कागदांवर मी एकट्याचं नाव घातलं. आईचा अंगठा घेतला. ती म्हणाली, कान्हाचं पण टाक. मी म्हटलं, तो आला की टाकू.

तो आला की टाकायला लागेल, हे त्या दिवसापासून माझ्या पोटात आहे. लाज वाटते. पण घर विटेविटेने मी बांधलंय, हेही खरं.

३ फेब्रुवारी

कालचं पान फाडणार होतो. राहू दे.

२० फेब्रुवारी

दहा दिवस झाले, पहाटेचा सायरन नाही. मागचा फॉल्ट आपोआप गेला! आईनेही हट्ट सोडला असावा. गल्लीत दोघांनी विचारलं, आम्हालाही असं लावून दे. शिमगा झाला की बघू म्हटलं.

१० मार्च, मंगळवार

सायरन वाजला! खरोखरचा चोर!

अंगात कणकण होती म्हणून कंपनीत गेलो नव्हतो, वर पडून होतो. आई आणि मंजुळा मासळी विकायला नौपाड्याच्या बाजारात. दुपारचे अडीच. गल्लीत चिटपाखरू नाही. माणूस मागच्या दाराने आत शिरलेला. सायरन झाला तसा मागूनच पळाला. मी खाली उतरेपर्यंत कुंपणाच्या भिंतीवर चढला होता. बिल्डिंगमधले लोक काठ्या घेऊन धावले. मोरू वल्हं घेऊन धावला. कोणीतरी दगड मारला, तो लागला. भिंतीवर रक्त आहे. तिवरांत शिरला, मग दिसला नाही.

बनियनवाले गृहस्थ आज शर्ट घालून आले. हात मिळवला. म्हणाले, मानलं तुमच्या सिस्टिमला.

काही गेलेलं नाही.

११ मार्च

गल्लीभर तोच विषय. चोर कसा होता, ज्याचं त्याचं वर्णन. दाढी होती, तोंडाला टॉवेल होता, उंच होता, बुटका होता. हौसाबाईने फक्त पाठ बघितली. ती म्हणाली, चाल वळखीची वाटली. कोणासारखी, मंजुळाने विचारलं. तर म्हणाली, आता डोळ्यांना नीट दिसत नाय.

मंजुळाला स्वयंपाकघरात दोन गोष्टी सापडल्या. भाताच्या टोपात हात मारलेला, कालवण अर्धं. आणि एक ताट धुऊन ओट्यावर उपडं घातलेलं. ती म्हणते, हे ताट मी घातलेलं नाही. जेवून ताट धुणारा चोर!

शिवाय मागच्या पायरीवर चपला. चपला काढून आत आला होता. मंजुळा हसली, मग हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, पोलिसांना देऊ. तिने विचारलं, देणार?

१२ मार्च

पोलिसांकडे गेलो नाही. आईने चपला उचलल्या, नळाखाली घासल्या, उन्हात ठेवल्या. एकीचा अंगठा तारेने बांधलेला आहे. आई काल रात्रीपासून जेवलेली नाही. मोरूला तिने फक्त एक विचारलं, दगड कुठं लागला. तो म्हणाला, पायाला लागला असेल, लंगडत होता.

१४ मार्च, शनिवार

मधु आला. सिस्टिम पकडते कशी, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. मी म्हटलं, कशाला, चहा घे. तो टेस्टर घेऊन मागच्या दाराशी गेलाच.

पाण्याच्या पिंपामागे वायर तुटलेली. तुटलेली नाही, कापलेली. मधु म्हणाला, जुना कट आहे, तांबं काळं पडलंय, महिना तरी झाला. म्हणजे हे दार महिनाभर मेलेलं आहे. उघडलं तरी वाजणार नाही.

कोणी कापली हे विचारायची गरज नव्हती. आईचा मासळीचा कोयता तिथेच टांगलेला असतो.

मधु आपला मोजत बसला. पुढचं दार आतून बंद होतं ना? होतं. खिडक्या? बंद. मग वाजला कशाने, तो म्हणाला, वरच्या बटनाशिवाय दुसरं काही राहत नाही. वर कोण होतं?

मंजुळा चहा गाळत होती. आई दारात उभी होती. मी म्हटलं, शॉर्ट झालं असेल. मधु वायरमन आहे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि टेस्टर खिशाला लावला. चहा अर्धा टाकून गेला.

१५ मार्च, रविवार

आई वर आली. घर झाल्यापासून पहिल्यांदाच जिना चढली. बटनाकडे बघितलं. विचारलं, "दाबलंस तवा वळखलं होतंस त्याला?"

हो म्हटलं. वरच्या मागच्या गॅलरीतून येताना दिसला तेव्हाच ओळखलं. आधी नाही दाबलं, हेही सांगितलं. खाली टोपाचं झाकण वाजलं, तो जेवत होता, मी ऐकत बसलो. ताट धुतलं, तेही ऐकलं. मग तो जिना चढायला लागला, तेव्हा दाबलं.