एकाच वायरीचा कॉम्प्युटर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कॉम्प्युटर गेला. आठवडाभर कण्हत होता, आज सकाळी बंदच. दुरुस्तीवाल्याने डबा उघडला, आत टॉर्च मारला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, यात आता काही उरलं नाही. मॉनिटर तेवढा धडधाकट आहे."

म्हणजे माझ्यासारखंच. तोंडावर सगळं ठीक.

शाळेच्या भूगोलाचं पुस्तक हातात आहे. एकशे साठ पानं मांडायची, नकाशे, तक्ते, चित्रांखालच्या ओळी. दहा मार्चला प्रकाशकाकडे गेलं पाहिजे. हे नीट उतरलं तर पुढची, पाचवी ते आठवीची चारही पुस्तकं माझी. तसा शब्द दिलाय त्यांनी. आणि नेमका आत्ता!

बुधवार, ५ फेब्रुवारी

दुकानात जाऊन आले. वहिनी बरोबर. तिला नेणं भाग होतं, निम्मे पैसे ती घालणार आहे. रोज दहा ते बारा ती त्याच कॉम्प्युटरवर कपड्यांच्या कटिंगचे नमुने काढायला शिकते. चाळिशी उलटल्यावर सुचलंय. दादा आल्यागेल्याला सांगतो, "आमची ही आता माउसने कपडे शिवते." सगळे हसतात. मीही हसते.

मला काय हवं ते मला पक्कं माहीत होतं. डबा वेगळा, मॉनिटर वेगळा. आपला जुना मॉनिटरही शेजारी लावायचा — एकावर लेखकाची प्रत, एकावर माझं पान. मधलं काही बिघडलं तर तेवढंच बदलायचं. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणता येतो, मानेची सोय. दुकानदारही तेच म्हणत होता.

वहिनी मात्र ऑल-इन-वनपाशी खिळलेली. सगळं पडद्याच्या पाठीतच, डबा नाही, भिंतीत जाणारी वायर एकच. म्हणते, "हॉलमध्ये किती सुटसुटीत दिसेल."

हॉलमध्ये दिसेल! सहा-सहा तास त्याच्यासमोर बसणार मी, आणि हिला दिसण्याचं पडलंय. दुकानदाराला विचारलं, याला दुसरा मॉनिटर जोडता येतो? या मॉडेलला नाही म्हणाला. मी म्हटलं, मग विषय संपला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

विषय संपला नव्हता. जेवताना वहिनीने दादासमोर काढला. मला ठाऊक होतं, निकाल तिथेच लागतो या घरात.

तिने माझं नाव घेतलं नाही, नमुन्यांचं बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्या पायात रोज वायरी येतात ना, त्या तरी जातील."

दादाला वायरी खुपतात. परवाच एकीला लाथ मारून झाली होती. त्याने ताटातून मान वर न करता सांगितलं, "तोच आणा. भंगाराचं दुकान झालंय हॉलचं."

मी दोन पडद्यांचं सांगायला लागले, तर म्हणे, "तुला दोन डोळे आहेत म्हणून दोन टीव्ही आणू का?"

वहिनी भांडी आवरायला उठली. बरोब्बर कुठे बोट ठेवायचं ते कळतं हिला. बावीस वर्षांत तेवढंच शिकली.

मी का गप्प बसले? त्याच्या घरात राहते म्हणून. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला नऊ वर्षं होतील. दुसऱ्याच्या हॉलमध्ये टेबल मांडलंय, तर मत कसलं मांडतेय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आला. दिसतो छान. अगदी छान.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पडदा वर-खाली होत नाही. खाली दोन जाडे शब्दकोश घातलेत, तरी मान वाकतेच. लेखकाची प्रत आता कागदावर काढून मांडीवर ठेवते. खाली बघ, वर बघ. खाली, वर. कोंबडीसारखी.

जुना मॉनिटर माळ्यावर गेला. दादाने स्वतः चढवला. एरवी बल्ब बदलायचा तर तीनदा सांगावं लागतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

दुपारी दादाच्या ऑफिसातले तिघे हॉलमध्ये येऊन बसले होते. वहिनी कॉम्प्युटरवर. तिच्या परीक्षेचा नमुना आज चारच्या आत पाठवायचा होता. दादाने आतून दोनदा हाक मारली. "आलेच, पाच मिनिटं." तिसरी हाक त्याने मारली नाही. हॉलमध्ये आला आणि भिंतीतून प्लग उपटला.

पडदा काळा. तिच्या हातात माउस तसाच.

"आता मोकळी झालीस," म्हणाला. पाहुण्यांकडे वळून म्हणे, "एकच वायर आहे, काढायला सोपी." ते हसले. मीही हसले असेन. हसलेच.

वहिनी उठली, पाणी घेऊन आली, सगळ्यांना दिलं. मलाही. माझ्या मनात काय आलं ते लिहिते, इथे कोण वाचतंय — मनात आलं, घे, तुझाच हट्ट होता.

सोमवार, २४ फेब्रुवारी

नमुना गेला तो गेलाच. तिला पुन्हा संधी दिलीय म्हणे. पुढचे दोन दिवस दुपारीही कॉम्प्युटर दे म्हणाली. मी माझ्या पुस्तकाचं कारण सांगितलं.

सोमवार, १० मार्च

फाइल पाठवली. डोळे चुरचुरतायत. वहिनीने न विचारता मानेला शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. घेतली.

शुक्रवार, १४ मार्च

प्रकाशकाचा फोन. दोन नकाशांखालच्या ओळींची अदलाबदल झालीय. वाळवंटाखाली नदीचं नाव. छपाईआधी त्यांच्या माणसाच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

"ताई, तुमच्याकडून अशी चूक आजवर झाली नव्हती." मग म्हणाले, "पुढची चार दुसरीकडे देतोय. राग मानू नका."

राग मानू नका! दोन पडदे शेजारी असते तर ती ओळ मला झोपेतही दिसली असती.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. जाऊन तोंडावर म्हटलं, "तुझ्या हॉलच्या शोभेपायी माझं काम गेलं. आता बस त्याच्याकडे बघत."

तिने हातातली घडी पुरी केली. "शोभेसाठी नव्हता घेतला गं."

"मग कशासाठी?"

दादा आतून ओरडला, "काय चाललंय तिकडे?" ती कपड्यांचा गठ्ठा उचलून आत गेली.

शनिवार, १५ मार्च

अबोला. दादा खुशीत आहे. म्हणतो, दोन बायका एका घरात म्हटलं की हे चालायचंच.

मंगळवार, १८ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरकडून अकराला परत आले, तर टेबल रिकामं. शब्दकोश तेवढे जागेवर. कपाटातले तिचे कपडे नाहीत. शब्दकोशांवर पेनड्राइव्ह आणि खाली चिठ्ठी.

"तुझं सगळं काम यात उतरवलंय, दोनदा तपासलं. एका कारखान्यात नमुने काढायचं काम मिळालंय. मोठ्या पडद्याचा, तरी बरोबर नेऊन कुठेही मांडता येईल असाच कॉम्प्युटर हवा होता. तुला सांगता आलं नाही, तू त्याची बहीण. तुझे निम्मे पैसे पाठवीन."

दादा दुपारी आला. सगळं घर फिरून माझ्यासमोर उभा राहिला. "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, हो.