डावीकडचा स्पीकर

गुरुवार, संध्याकाळ

नवे स्पीकर आज बसवले. डाव्याची पाठ देवघराकडं होत होती. मनाला पटेना, म्हणून तो कोपऱ्यात तिरका ठेवला. भजन लावलं, तर टाळ नुसते उजवीकडून. कोपऱ्यामुळं असेल? देवाची माफी मागून तो सरळ केला. तरी तेच. मग दोन्हींची अदलाबदल केली. तरीही डावीकडचाच मंद.

दुकानदार सलीमभाईंना फोन केला. "सर, दोन तास ऐकून तुम्हीच निवडले ना? आता खुर्ची उलटी फिरवून बसा अन् सांगा."

फिरवली. आता दुसराच स्पीकर मंद झाला. म्हणजे स्पीकर दोन्ही चांगले आहेत. माझा डावा कान गेला आहे की काय? सलीमभाईंना म्हणालो, ठीक वाजतात.

सुनंदा स्वयंपाकघरातून आली. "देवाकडं पाठ करून भजन ऐकायला लागलात व्हय?"

मी हसलो आणि खुर्ची सरळ केली. लग्नापासून जेवताना ती माझ्या डाव्या हाताला बसते. ती हल्ली फार बोलत नाही, असं मी वर्षभर समजत होतो. तिच्या किती बोलण्याला मी उत्तरच दिलं नसेल, हे तिला विचारायची भीती वाटते.