प्रेरणाचा डावा कान

आर्वी
१७ ऑगस्ट २०२४

प्रिय रोशनी,

सप्रेम जय भीम. धम्मदीपलाही सांग, आणि माझ्या भाचीला एक पापी. इकडे सगळं ठीक. सोयाबीन फुलावर आहे, अंगणवाडीत यंदा एकवीस लेकरं आहेत.

परवा फोनवर तू म्हणालीस, प्रेरणाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी विचारलं, कान आधी कधी वाहिला होता का, आणि तू नाही म्हणालीस. मी फोन ठेवला. तेव्हापासून भाजीत मीठ घातलं की नाही तेही कळत नाही.

वाहिला होता, रोशनी. मे महिन्यात, माझ्याकडे असताना. आधी सर्दी, मग ताप. कान धरून म्हणाली, "आत्या, लय दुखून राह्यला." दर महिन्याला अंगणवाडीत आयांना बसवून सांगते, कानात तेल घालायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं. तीच मी, लसूण टाकून तेल कोमट केलं आणि चार थेंब सोडले. आई आमच्या कानात घालायची तसंच. सकाळी उशीवर पिवळा पू होता. पण ताप उतरलेला, पोरगी हसत दूध मागत होती. मला वाटलं, घाण निघाली, बरी झाली. खोळ धुऊन टाकली आणि तुला सांगितलं नाही. लाज वाटली.

मग ती दुपारभर निंबाखाली बसायची. हाक मारली तरी वळायची नाही, निंबोळ्या पडताना पाहत राहायची. बाई ध्यानाला बसल्या, असं मी कौतुकाने म्हणायचे. ते दिवस अजून स्वप्नातले वाटतात. मी गुणगुणले की पाठीला कान लावायची आणि म्हणायची, "गाणं इथून येते." दर वेळी मला उठवून दुसऱ्या बाजूला बसवायची. "आत्या, इकडून बस." मी लाड समजले.

पाठीला लावायचा तो कान उजवाच असायचा.

पत्र मिळताच डॉक्टरांना सांग. कान वाहिला, तेल घातलं, औषध काहीच झालं नाही. पडदा फाटला की पू निघतो आणि दुखणं थांबतं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. आंघोळीला कान कोरडा ठेव, आणि तपासणी चुकवू नको.

धम्मदीपला हे पत्र तूच वाचून दाखव. दिवाळीच्या सुट्टीत तिला पाठवली नाहीस तरी मी रुसणार नाही. पाठवलीस, तर कुठे बसायचं ते मला आता माहीत आहे.

तिच्या उजव्या बाजूला बसणारी,
सरिता