आबांची लांब लाकडं

२६ एप्रिल

"तायडे, तू फोड, मी रचतो." संभा सात वर्षांचा असताना म्हणाला होता. कुऱ्हाड त्याला पेलत नव्हती आणि ते कबूल करायचं नव्हतं. घरात पुढे तीच वाटणी कायम झाली. आज मुद्रितं तपासता तपासता उगाच आठवलं, आणि दुपारी त्याचाच फोन.

"ताई, यंदा लाकडाला येऊ नगंस. कटरवाला सांगितलाय. एका सकाळीत सगळं उरकतंय. उगं उन्हाचा हेलपाटा."

"बरं," म्हटलं. चांगल्या मनानेच सांगत होता. मग बराच वेळ एकच ओळ वाचत बसले.

२७ एप्रिल

दर मे महिन्यात पाटणच्या वर आमच्या वाडीला जायचं, आबा, संभा आणि मी, बाप-लेकरं मिळून पावसाळ्याची लाकडं करायची. नवऱ्यापासून वेगळी झाले त्या वर्षीही गेले होते. कोणी काही विचारलं नाही, कारण कुऱ्हाड हातात होती.

नुसतं भेटायला गेलं की दुसऱ्या दिवशी चहाबरोबर प्रश्न येतोच, किती दिवस हायस? वाईट मनाने नाही विचारत कोणी. लाकडांच्या वेळी मात्र विचारत नाहीत. लाकडं होईपर्यंत, हे ठरलेलं.

आता मी किती दिवसांची?

३० एप्रिल

जाणार. तासगावचा नवा बेदाणा आलाय. शोभाला, म्हणजे संभाच्या बायकोला, तो फार आवडतो असं मी ठरवून टाकलं आहे.

४ मे

सांगली, कराड, पाटण, मग वडाप. जीपमध्ये मांडीवर बेदाण्याची पिशवी आणि शेजारच्या बाईचं कोंबडं.

आबा ओट्यावर. "आलीस व्हय? मशीन उद्या हाय." जशी काही मी मशीन बघायला आले.

शोभाने बेदाणा डब्यात ओतला. "आवं वन्सं, एवढा कशाला?" पुढचं विचारलं नाही. गुणाची आहे.

आबांचं मनगट बारीक झालंय. घड्याळ कोपरापर्यंत सरकतं.

५ मे

इलाहीभाई कटरवाले सकाळीच आले. मशीन सुरू झालं तशा कोंबड्या थेट ओढ्यापर्यंत पळाल्या. मला वाटलं होतं आबा नाक मुरडतील. (वाटलं नव्हतं, हवं होतं.) आबा तर खुर्ची टाकून, चहा घेऊन, जत्रेतल्या तमाशाला बसावं तसे बसले. "काय यंत्र काढलंय गड्या! लोणी कापल्यावानी!"

मी उभीच होते. मग ढलप्या गोळा केल्या. आम्हा तिघांना दहा-बारा दिवस पुरणारं काम जेवायच्या आत संपलं.

मग घोटाळा. गोठ्यामागे वेगळी ठेवलेली लाकडंही इलाहीभाईंनी चुलीच्या मापाने कापून टाकली. ती आबांची होती. संभा सांगायला विसरला.

आबांची म्हणजे त्यांच्या सरणाची. आई श्रावणात गेली तेव्हा वाडीत कोरडं लाकूड नव्हतं. तेव्हापासून आबा दर उन्हाळ्यात स्वतःसाठी लांब लाकडं मेनकापडाखाली झाकून ठेवतात. पावसाळा निभावला की दिवाळीत तीच लाकडं पाणी तापवायला. उटणं लावून आम्ही सगळ्यांनी त्या पाण्याने अंघोळी केल्यात. यंदाची संभाने शिमगा झाल्या झाल्या आणून टाकली होती.

इलाहीभाई कानाला हात लावत होते. "आवं आबा, मला काय म्हाईत! मी म्हटलं एवढी लांब चुलीत कशी घालायची?"

"चुलीत न्हाई रं. मला घालायचं हुतं त्यावर."

मग आबाच हसले म्हणून बाकीचे हसले. शेजारचे बाळूनाना, आबांच्याच वयाचे, कुंपणावरून ओरडले, "आबा, तिकीट फाडलं की रं तुझं!"

"फाडू दे. म्या अजून येटिंगवरच हाय."

६ मे

मशीन पुढच्या गावाला गेलं. पाऊस लागेपर्यंत इलाहीभाईंना सवड नाही. आबा रात्रीपासून नीट जेवले नाहीत. थट्टा संपली. "लाकडं झाल्याबिगर माझ्या जिवाला थारा न्हाई," एवढंच.

बांधावर मागच्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात पडलेला आंबा तसाच आहे. चांगला वाळलाय.

संभा, नजर न देता : "ताई, ऱ्हाशील का दोन-चार दिस? लांब फाळायचं माझ्यानं नीट हुईत न्हाई."

"बघते," म्हणाले. बघते! पिशवीतून जुना पंजाबी ड्रेस आधीच काढून ठेवला होता. तो आणलाच का होता, हे स्वतःला विचारलं नाही.

८ मे

दोन मुठींची करवत. एका टोकाला संभा, एका टोकाला मी. सुरुवातीला दोघेही ढकलत होतो, करवत वाकून अडकत होती. "आरं, दोघांनी वडायचं, ढकलायचं कुणीच न्हाई!" आबा खुर्चीवरून. मग सूर लागला. भुसा पायावर पडत राहिला, थंडगार.

दुपारनंतर पाचरी. "बुडख्याकडनं न्हवं, शेंड्याकडनं घाल." शेंड्याकडून घातली, घण मारला, दुसरी पाचर, पुन्हा घण. ओंडका या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उकलत गेला. आतलं लाकूड फिकट पिवळं.

आबा उठून आले. फाळीवरून तळहात फिरवला. "हात इसरली न्हाईस."

दिवसभर काय आनंदात होते मी. पाय धुताना लक्षात आलं, कशाची तयारी चालली आहे आणि मी गुणगुणते आहे. तरी आनंद गेला नाही. तसाच लिहून ठेवते.

९ मे

तळहाताला फोड. शोभाने हळद-तेल लावलं. "एवढ्या शिकल्या-सवरलेल्या, आन् हात बघा!" नानांची कुंपणावर चक्कर. "पोरी, बापाला एवढ्या घाईनं धाडतीस व्हय?" मी म्हटलं, "नाना, तुमचंबी करून ठेवू का हातासरशी?" नाना गेले ते संध्याकाळपर्यंत फिरकले नाहीत. आबा हसून हसून खोकले.

११ मे

आज थप्पी लावली. संभा रचत होता, शोभा आणि मी उचलून देत होतो. बोलता बोलता म्हणाले, आबा आता मला मिरगाच्या आत पिटाळणार, दरवर्षीसारखं. दरडींची फार धास्ती त्यांना.

शोभा थांबली. संभा पाणी प्यायला गेला होता.

"दरडीचं न्हाई वन्सं."

"मग?"

"आबा म्हणत्यात, एकदा बघितलंय तिनं. दुसऱ्यांदा नगं."

हातातलं लाकूड मीच थप्पीवर रचलं.

आईच्या वेळी ओढ्याला पाणी आलं होतं, पलीकडच्या वाडीतली माणसं येऊ शकली नाहीत. हात कमी पडले म्हणून मी स्मशानात गेले. बायका जात नाहीत आमच्याकडे. तेव्हा तिथे शेडही नव्हतं. चौघांनी वर पत्रा धरला, एक कोपरा माझ्याकडे. लाकडं पेटेनात. पेटली की विझत. जे दिसायला नको ते दिसत राहिलं, अंधार पडेपर्यंत. आबा सरणाकडे बघत नव्हते, हे मला आठवत होतं. कुठे बघत होते ते आज कळलं.

म्हणून मला पावसाळ्यात येऊ देत नाहीत. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत काही ना काही सबब. रस्ता, साथ, घरात पाहुणे. आणि मी सांगलीत बसून समजत होते की...

१२ मे

आबांशी बोलायला गेले. माझ्या तोंडावरूनच ओळखलं असावं. "लाकडं झाली न्हवं? मग जा की आता. तुझी कामं खोळंबली असतील." आणि रेडिओचा आवाज वाढवला. रेडिओवर खतांची माहिती.

१४ मे

सांगली. किल्ली फिरवताना फोड फुटला. छोट्या कुकरमध्ये एक वाटी भात लावला. तोही उरला.

२९ मे

शोभाने व्हिडिओ कॉल लावून दिला. आबांनी फोन स्वतः हातात घेतला आणि मला लाकडं दाखवली. मेनकापड उचलून, वासराचं तोंड दाखवावं तसं. "बघ, मस वाळल्यात. एकबी भिजायची न्हाई." चेहरा निवांत. अर्धा वेळ स्क्रीनवर त्यांचा अंगठाच होता.

मग म्हणाले, "पावसात फोन लागत न्हाई. काळजी करू नगं."

गेल्या पावसात खरंच लागत नव्हता. मी रोज करायचे.

३ जून

सारखं मनात येतं ते एकदा लिहून टाकते. पावसात काही झालंच तर फोन लागणार नाही. लागला तर रस्ता बंद असेल. मी पोचेन तेव्हा सगळं आटोपलेलं असेल, आणि संभा म्हणेल, आबांची तशीच इच्छा होती. आबांनी सगळी सोय केली आहे. लाकडांची, मेनकापडाची, शेजारच्यांना त्रास नको याची. माझीही. माझ्या वाट्याला निरोप ठेवलाय.

माझ्या भल्यासाठीच. पण मला कोणी विचारलं नाही. पत्रा धरला होता त्याचं मला अजून स्वप्न पडतं, हे खरं. आणि तिथे नसते तर काय झालं असतं, हेही मला माहीत आहे. आईचं शेवटचं काहीतरी मी केलं, एवढंच माझ्याकडे आहे.

हे त्यांना कसं सांगू? असं काही आम्ही घरात बोलत नाही. घण मार, पाचर धर, एवढंच बोलतो.

५ जून

आभाळ येतंय. कामं आटोपली, बाकीची तिथून करता येतील. पिशवी भरलेली नाही, भरली आणि जाता आलं नाही तर वाईट वाटेल.

उद्या सकाळी आबा चहाला बसले की फोन करणार. शोभाला सांगितलंय फोन त्यांच्या कानाशी धर, स्पीकर नको. आबा आधी म्हणतील रस्ता. मग म्हणतील, लोक काय म्हणतील, लेक चार महिने माहेरात. मग काही न बोलता फोन शोभाच्या हातात देतील. माझा बाप आहे, मला ठाऊक आहे.

तरी वाक्य पाठ केलंय. भात टाकताना, दिवा लावताना, दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज कापायला नको.

"आबा, तुमी नगं म्हणाल. पर यंदाचा पावसाळा मला तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."