छतावरची तुळस

कार्तिक शुद्ध तृतीया, शुगर लँड, टेक्सास

आलं: मंजूचं पाकीट, आत एक फोटो. खर्च काही नाही, तिकिटं तिचीच.

इंग्लंडातल्या कालव्यावरची लांबट बोट, हेच आता लेकीचं घर. छतावर मी दिलेल्या बियांची तुळस. तुळशीच्या लग्नासाठी बांगड्या पाठवते म्हणून फोनवर पत्ता विचारला.

"आई, इथल्या नियमानं दर पंधरवड्याला बोट हलवावी लागते. कुठला देऊ?"

हे हसले, "आहेर पोचेपर्यंत नवरी पुढच्या गावाला!"

मला नाही हसू आलं. एवढ्या थंडीत तुळस उघड्यावर? रात्री आत घेत असेल ना?

पार्सल बांधलंय. तुळशीच्या इवल्या बांगड्या, शेजारी मंजूच्या मापाच्या. वर नुसतं नाव. पोरी, थांबशील तिथला पत्ता फोनवर कळव.