पापांच्या आंघोळीचा पगार

कोडियाक बंदर, अलास्का
१४ एप्रिल २०१२

ति. युलालीताईस,
धाकट्या तेओफिलचा सा. न. वि. वि.

मासळी उतरवायला आमचं जहाज बंदराला लागलंय, म्हणून हे पत्र. पुन्हा समुद्रात गेलो की ना फोन ना टपाल. तुझा तिखट सॉस पोचला. आमचा आचारी फुशारकीने चमचाभर खाऊन बसला आणि दुपारपर्यंत रडत होता. तेव्हापासून जहाजावर माझा मान वाढलाय.

आता जरा नाजूक गोष्ट. डडलीचा फोन आला होता. आपला चुलतभाऊ म्हणजे गावचं वर्तमानपत्र, हे मान्य. पण तो म्हणतो, ईस्टरला पापा चर्चच्या पायरीवर भेटले, तर केसांच्या जटा झालेल्या आणि अंगाला असा वास, की फादरनी आशीर्वादही लांबूनच दिला. ताई, पापांना लकवा झाला तेव्हा तू मोटेलमधली नोकरी सोडलीस. त्यांना आंघोळ घालायची, जेवू घालायचं, चालवायचं, याचा पगार सरकार तुला देतं. द्यावाच. परक्या बाईला दिला असता, मग लेकीला का नको? पण मग आंघोळ होते ना? हिशेब मागत नाहीये हं. नुसतं विचारतोय.

लोभ असू दे, आणि सॉसची दुसरी बाटलीही.
तुझा,
तेओ


पॉइंट मार्सेल, लुइझियाना
२ मे २०१२

चि. तेओफिलला
अनेक आशीर्वाद. (रागातले आहेत, पण आशीर्वादच आहेत.)

पापा मजेत आहेत. काल खेकड्यांचा गम्बो रस्सा दोनदा मागून घेतला आणि वर सांगितलं, की तुझ्या मम्माच्या हाताची चव काही तुला आली नाही. डावा हात अजून लोंबतो, पण काठी टेकत खाडीच्या धक्क्यापर्यंत जातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीला नावं ठेवतात. कुणाला जाळं टाकता येत नाही, कुणाला बोट वळवता येत नाही.

डडलीला पापांच्या अंगाचा वास आला म्हणे. मला त्याच्या पोटातला वास केव्हाच आलाय. पापांच्या कोळंबीच्या बोटीवर डोळा आहे त्याचा. मला नावं ठेवून बाजूला केलं की म्हातारा एकटा आणि बोट मोकळी. एक सांग, तो आपणहून बोलला, की तूच त्याला बघून ये म्हणून धाडलं होतंस? इतक्या वर्षांत चर्चचं दार न पाहिलेला माणूस नेमका याच ईस्टरला कसा उगवला?

सॉस पाठवते. लोभ आहेच, त्यात संशय कालवू नये.
तुझी ताई,
युलाली


कोडियाक बंदर
३० मे २०१२

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. गम्बो आहे, खेकडे आहेत, डडलीचा उद्धार आहे. आंघोळ कुठेच नाही. मी दिवसभर मासळीच्या पेट्या तपासतो, ताई. पेटीत काय आहे त्याच्या आधी काय नाही ते मला दिसतं.

डडलीला मी धाडलं नव्हतं. पण आता वाटतं, धाडायला हवं होतं. एकदाच सरळ लिही. नाहीतर तुला पगार देणाऱ्या त्या सरकारी ऑफिसात मला विचारावं लागेल. तुझ्यावर विश्वास आहे असं लिहायला घेतलं होतं, पण हात अडला.

पापांना सा. न. उत्तराची वाट पाहतोय.
तेओ


पॉइंट मार्सेल
२० जून २०१२

तेओफिल,

विचारीन म्हणालास आणि विचारलंसही. ऑफिसातल्या बाई येऊन गेल्या. फोनवर तक्रार आलीय, की मुलगी बापाला आंघोळ घालत नाही आणि पगार मात्र घेते. कुणी केली ते सांगायचा नियम नाही म्हणे. मला कशाला सांगायला हवं?

चौकशी होईपर्यंत पगार बंद. कालपासून पुन्हा मोटेलच्या चादरी बदलते. तेवढा वेळ पापा घरात एकटे.

सरळ लिही म्हणतोस ना? मग वाच. पापा मला हात लावू देत नाहीत. बाथरूममध्ये नेलं की आतून दाराला खुर्ची लावतात आणि कपड्यांसकट बसून राहतात. एकदा मी जबरदस्तीने सदरा काढायला गेले, तर उजव्या हाताने असा धक्का दिला, की मी टबवर आपटले. मग दोघंही रडलो. तेव्हापासून मी फक्त तोंड, हात, पाय ओल्या फडक्याने पुसते. त्यांची अब्रू जाऊ नये म्हणून तुला लिहिलं नाही. आणि ऑफिसला द्यायच्या दर आठवड्याच्या कागदावर मात्र आंघोळ झाली असं लिहीत गेले. बाईंनी त्यावर बोट ठेवलं तेव्हा मान खाली घातली. तेवढा गुन्हा माझा.

बाकीचा तुझा. इथून पुढे तुझं पत्र आलं तर फोडणार नाही.
युलाली


कोडियाक बंदर
१५ जुलै २०१२

ति. पापांस
तेओफिलचा सा. न. वि. वि.

ताई माझी पत्रं फोडत नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. मम्माची शपथ, मी कुणाला फोन केलेला नाही. करीन असं लिहिलं, हे खरं. पण तिचं उत्तर येईपर्यंत मी समुद्रावर होतो.

मग केला कुणी? डडलीने? शेजारच्या नोलिया मावशीने? तिला ताईचा पगार सलत होता का? की मोटेलच्या मालकाने, त्याला त्याची बाई परत हवी म्हणून? जहाजावर हेच डोक्यात घोळतं. तुम्ही घरात असता, तुम्हाला कळलंच असेल. नाव सांगा. आल्यावर मी बघून घेतो.

तुमचा,
तेओ


पॉइंट मार्सेल
९ ऑगस्ट २०१२

चि. तेओला पापाचे आशीर्वाद.

बघून घेतोस ना? मग घे. फोन मी केला.

उजवा हात धड आहे माझा. ऑफिसचा नंबर फ्रीजवर चिकटवलेलाच होता. युलाली बाजारात गेल्यावर मी सांगितलं, की माझी मुलगी मला आंघोळ घालत नाही, मीच घालू देत नाही, तेवढ्यापुरता एखादा पुरुषमाणूस धाडा. लकव्याने जीभ जड झालीय. पलीकडच्या पोरीला पहिलं वाक्य कळलं, तेवढंच तिने लिहून घेतलं असणार, आणि पगाराचं ऑफिसानेच पुढे जोडलं असणार.

अरे, हिला मी पाळण्यातून उचलून न्हाऊ घातलंय. तिने मला उघडं बघावं, हे मला सोसलं नाही. ती कामात कुचराई करायची नाही, म्हणून तिचा हट्ट. मला लाज, म्हणून माझा हट्ट. पगार बंद झाला तेव्हा मी गप्प बसलो, कारण काय बोलावं कळेना. पण ती तुझ्यावर आळ घेऊन बसलीय हे मला तुझ्याच पत्राने कळलं. तिने घरात तुझं नाव काढलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिला सांगितलं. ती भात ढवळत होती. भात करपेपर्यंत ढवळत राहिली. मग म्हणाली, की सरकारला सांगता आलं, मला नाही?

दुसऱ्या दिवशी मला गाडीत घालून ती ऑफिसात गेली. मी सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश. कागदांबद्दल तिलाही बोलणी बसली. आता रोज सकाळी नॉरिस नावाचा धिप्पाड गडी येतो. बोटीचा तळ खरवडावा तसा मला घासतो आणि वर बेसूर गातो. युलालीचा त्याच्यावरही विश्वास नाही. दाराला कान लावून पाणी पडतंय का ते ऐकते. तिचा पगार पुन्हा सुरू झाला, पण आंघोळीचे तास त्याला गेले, तेवढे कापून. म्हणून चादरी काही सुटल्या नाहीत.

तुझ्यावरचा तिचा राग पुरता गेलेला नाही. फोन तू केला नाहीस हे पटलंय, पण करू शकला असतास हेही तिला पटलंय. ते तुझं तू निस्तर. गोड बोलून काही होणार नाही, ती लगेच ओळखेल.

काल जेवण उरकल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मी पाण्यासाठी हातातला रिकामा पेला पुढे केला, तिने घेतला नाही. मी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाली, की आज माझे तास कधीच संपले, पापा. आत्ता मी नुसती तुमच्याजवळ बसलेय.

मी उठलो, काठी घेतली आणि तिच्यासाठी पाणी आणलं. निम्मं वाटेत सांडलं.

तब्येतीला जप. बहिणीचा लोभ मागून मिळायचा नाही, कमवून घे.
तुझा पापा,
अल्सीद