पाकिटाचे चार कोपरे

दारव्हा, ८ जानेवारी २००६

ती. भैरवीताईस,
धाकट्या स्वानंदचा सा. न. वि. वि.

तुझ्या बी.एड.च्या गुणपत्रिकांचं कॉलेजने दिलेलं मोहोरबंद पाकीट आज रवाना केलं. तू इथल्या पोरांना इतकी वर्षं भूगोल शिकवलास, पण अमेरिकेची खात्री पटायला लाखेची मोहोर लागते, हे पाहून तालुक्याचा ऊर भरून आला. कामाची परवानगी आली का? इथे कापसाच्या गाड्या खरेदी केंद्रावर रांगेत, तिकडे तू रांगेत.

तुझे हेडमास्तर शंकरसिंग सर भेटले. बिनपगारी रजा एप्रिलअखेर संपते. जूनला रुजू हो नाही तर राजीनामा दे, असं त्यांनी प्रेमाने सांगितलं. तू जूनला येतेसच, हे आईने शेजारीपाजारी जाहीरही करून टाकलंय.

लोभ परवानगीची वाट न पाहता चालू ठेवावा.

तुझा स्वानंद

एडिसन, १० फेब्रुवारी

चि. स्वानंदास,
अनेक उ. आ.

पाकीट पोचलं आणि नापास झालं. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावणारी आपल्या आईशिवाय दुसरी कोण? लाल डाग पाहून शिक्षकांना परवाना देणाऱ्या इथल्या कार्यालयाने पाकिटाशी छेडछाड झाल्याचं ठरवलं. हा शुभशकुन असतो, असं मी तिथल्या बाईंना फोनवर समजावलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि नवं पाकीट मागवलं.

शिकवण्याचा परवाना कामाच्या परवानगीआधी मिळतो म्हणे. म्हणजे पोहता येतं असा दाखला आधी, पाण्यात उतरायची मुभा नंतर. तुझे भाऊजी म्हणतात, तोवर आराम कर. इतका आराम झालाय की रडू येतं. मला वर्ग हवा आहे रे. नवं पाकीट आईच्या हाती देऊ नकोस.

तुम्हा दोघांची माया असू दे.

ताई

दारव्हा, २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट कॉलेजातून थेट पोस्टात नेऊन टाकलं. आईने रागाने कुंकवाचा करंडा फडताळात ठेवून दिला. मग कुंकवाने त्या लोकांचं काय घोडं मारलं, असं तिने मलाच विचारलं. तुझ्या सातवीतली निम्मी पोरं कापूस वेचणीला गेली आहेत, तेव्हा भूगोल सध्या शेतातच चालू आहे.

माया आहे, कुंकू बंद आहे.

स्वानंद

एडिसन, ११ एप्रिल

चि. स्वानंदास,
अनेक उ. आ.

परवाना आला. कामाची परवानगी नाही, आणि कधी येईल ते कोणी सांगत नाही. परत यावं तर इथला परवानगीचा अर्ज बुडतो आणि संसार दोन खंडांत वाटला जातो. म्हणून वेगळ्या पाकिटात राजीनामा पाठवते आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणं म्हणतात ते हेच. हे तू लिहिण्याआधी मीच लिहिते. भीती वाटते.

आईला सांभाळ, माझ्यावर लोभ ठेव.

ताई

दारव्हा, २९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राजीनाम्याचं पाकीट आधी आईच्याच हाती पडलं. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू, आणि या वेळी लावणारी तू. तिने वरचं शाळेचं नाव वाचलं, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, पोरगी आता परत येत नाही. मी समजूत घालायला गेलो, तर आधी ते सरांना वेळेत नेऊन दे म्हणाली. एवढा मंगल राजीनामा उभ्या नोकरीत पाहिला नव्हता, असा सरांचा शेरा आहे.

संध्याकाळी आईने शेजारी जाऊन भैरवीला तिकडे शाळा मिळाली, असं सांगून टाकलं. मी खोडून काढलं नाही. तेवढं लवकर खरं कर.

लोभ आहेच, आता थोडा जास्त.

स्वानंद